विमानाच्या टपालाची तिकिटे : भाव का चढतो, का पडतो

कांद्याच्या भावाची गोष्ट तुम्हाला कोणी शिकवायला नको. पीक कमी आले, की भाव चढतो. सगळ्यांच्या चाळी भरल्या, की तोच कांदा मातीमोल होतो. कांदा तोच, वावर तेच, घाम तोच. पण पट्टी हातात पडते तेव्हा कधी हसू येते, कधी रडू येते.

कांदा निदान खाता तरी येतो. आज आपण अशा एका मालाची माहिती करून घेऊ, की जो खाता येत नाही, नेसता येत नाही, जाळला तर चहाचा घोटभरही तापत नाही. दोन बोटांवर मावेल एवढा तो कागदाचा तुकडा. पण त्याचाही बाजार आहे. त्या बाजारात तेजी येते आणि मंदीही येते. हा माल म्हणजे टपालाचे तिकीट, आणि त्यातही विमानाच्या टपालाचे तिकीट.

तुम्ही म्हणाल, "तिकीट पत्राला डकवलं, त्यावर शिक्का बसला, पत्र पोचलं. काम झालं. पुढं त्या कागदाला कोण विचारतो?" विचारणारे आहेत बरे! जगात पुष्कळ माणसे हौसेने तिकिटे जमवतात. देशोदेशीची तिकिटे वहीत नीट लावून ठेवतात. एखादे तिकीट वहीत नसले, की त्यांना चैन पडत नाही. ते मिळवायला ही माणसे पैसे मोजतात. किती मोजतात ते ऐका. 2023 साली नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी एका तिकिटाचा लिलाव झाला. त्या एका तिकिटाला 20 लाख 6 हजार 400 डॉलर मिळाले. डॉलर हा अमेरिकेचा पैसा. आपल्या रुपयांत ही रक्कम 16 कोटींच्या वर जाते. आणि ते तिकीट पोस्टात विकत घेतले, तेव्हा त्याची किंमत होती 24 सेंट. शंभर सेंटचा एक डॉलर. म्हणजे पाव डॉलरही नाही!

हे कसे घडले? ते नीट समजून घेऊ. त्यासाठी आधी विमानाच्या टपालाकडे जाऊ.

विमानाने टपाल नेण्याचा पहिला मान आपल्या देशाचा आहे. 1911 साली फेब्रुवारीच्या 18 तारखेला अलाहाबादेत हे घडले. त्या शहराला आता प्रयागराज म्हणतात. तिथे तेव्हा शेतीचे आणि उद्योगधंद्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनात लोकांना विमान दाखवायला आणले होते. हेन्री पेके नावाचा एक तरुण फ्रेंच वैमानिक टपालाची थैली घेऊन उडाला. यमुना ओलांडून तो पलीकडे नैनीला उतरला. अंतर सुमारे 10 किलोमीटर, वेळ 13 मिनिटे. बैलगाडीने निम्मा दिवस मोडला असता. थैलीत सुमारे 6 हजार पत्रे आणि कार्डे होती. सरकारी टपाल रीतसर विमानाने गेले, ते जगात प्रथम तेव्हा.

त्या दिवशी विमानाचे असे वेगळे तिकीट नव्हते. पत्रांना नेहमीचीच तिकिटे होती. वेगळा होता तो शिक्का. विमानाचे चित्र असलेला खास शिक्का त्या पत्रांवर मारला होता. ही शिक्क्याची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिची गरज लागेल.

पुढे एकेका देशाने विमानाच्या टपालाची निराळी तिकिटे काढली. इटलीने 1917 साली काढली. अमेरिकेने 1918 साली काढली. अमेरिकेच्या तिकिटाची किंमत 24 सेंट होती. त्यावर तांबड्या चौकटीत निळे विमान होते. 'जेनी' हे त्या विमानाचे लाडके नाव.

आता दोन रंगांचे तिकीट छापायचे, म्हणजे कागद दोनदा यंत्रातून काढावा लागे. एकदा चौकट छापायची, एकदा विमान. तिकिटे सुटी छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर शंभर तिकिटे छापतात. त्या कागदाला ताव म्हणतात. साडीवर दोन रंगांचे ठसे मारणाऱ्याला विचारा. दुसऱ्या ठशाच्या वेळी कापड उलटे धरले, की सगळे बिघडले. इथेही तसेच झाले. दुसऱ्या खेपेला ताव उलटा गेला. चौकट सरळ, आणि विमान मात्र पाय वर, डोके खाली!

14 मे 1918 रोजी वॉशिंग्टन शहरात विल्यम रोबी नावाचा माणूस पोस्टात गेला. तो तिकिटे जमवणारा होता. चूक असलेला ताव मिळाला तर मिळाला, अशी त्याला आस होती. 24 डॉलर देऊन त्याने शंभर तिकिटांचा ताव घेतला. पाहतो तो सगळी विमाने उलटी! पोस्टाचे अधिकारी नंतर त्याच्याकडे आले. ताव परत द्या म्हणाले. रोबीने दिला नाही. पैसे मोजून घेतलेला माल तो, का द्यावा? पोस्टाने मग दुसरे ताव तपासले. पण उलट्या विमानांचा ताव लोकांच्या हाती गेला तो हा एकच.

रोबीने तो आठवड्याच्या आतच 15 हजार डॉलरला विकला. घेणाऱ्या व्यापाऱ्याने लगेच 20 हजारांना पुढे विकला. 24 डॉलरचे 20 हजार, तेही काही दिवसांत. ज्या धनिकाने तो घेतला त्याचे नाव कर्नल ग्रीन. त्याने ताव फोडला. काही तिकिटे स्वतःला ठेवली, बाकीची विकली. फोडण्याआधी प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक आकडा घातला. 1 पासून 100 पर्यंत. गुरांना डाग देतात ना, तसेच म्हणा. 2023 साली ज्याला 20 लाख डॉलर मिळाले, ते याच तावातले 49 नंबरचे तिकीट.

असे ऐकले की माणसाला वाटते, जुने तिकीट म्हणजे सोने. तसे मुळीच नाही! त्याच साली छापलेली, त्याच किमतीची, पण सरळ विमानाची तिकिटे 20 लाखांच्या वर खपली. ती अजून बाजारात मिळतात. साधारण नोकरदार माणूस एखादे घेऊ शकेल, अशी त्यांची किंमत आहे. कागद तोच, शाई तीच, वय तेच. एक विमान सरळ, एक उलटे. सरळ आहेत लाखो, उलटी आहेत फक्त शंभर. भाव वयाला नाही, भाव दुर्मिळपणाला आहे.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. 1929 साली लंडनहून कराचीपर्यंत विमानाचे टपाल सुरू झाले. कराची तेव्हा हिंदुस्थानात होती. त्याच साली भारताने विमानाच्या टपालाची पहिली खास तिकिटे काढली. दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंत अशी सहा तिकिटे होती. ती आपल्या नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापली. त्यांना आता शंभर वर्षे होत आली. पण ती भरपूर छापली होती, भरपूर वापरली होती, आणि लोकांनी जपूनही ठेवली. म्हणून आज त्यांचा भाव बेताचा आहे. आजोबांच्या वयाचे तिकीट पाहून हुरळून जाऊ नये, ते यासाठी.

आता दुसरी गोष्ट. ही मला जास्त नवलाची वाटते, कारण इथे छापण्यात चूक काहीच नव्हती. 1930 साली जर्मनीचे एक अवाढव्य हवाई जहाज दक्षिण अमेरिकेला आणि तिथून उत्तर अमेरिकेला गेले. त्याचे नाव ग्राफ झेपेलिन. आकार सिगारेसारखा, पोटात हलका वायू भरलेला. या सफरीच्या टपालासाठी अमेरिकेने तीन तिकिटे काढली. एक 65 सेंटचे, दुसरे 1 डॉलर 30 सेंटचे, तिसरे 2 डॉलर 60 सेंटचे. तिन्ही मिळून 4 डॉलर 55 सेंट.

पण वेळ कशी होती? आदल्या साली अमेरिकेत मोठी मंदी आली होती. कारखाने बंद पडत होते. माणसे कामावरून निघत होती. अशा दिवसांत साडेचार डॉलरात घरची कितीतरी दिवसांची भाजीभाकरी होत असे. तिकिटांवर कोण उधळणार? प्रत्येक तिकीट दहा लाखांहून जास्त छापले होते. खपली किती? पहिले 93 हजारांच्या आसपास, दुसरे 72 हजार, तिसरे 61 हजार. टपाल खात्याने दोन-अडीच महिन्यांतच विक्री बंद केली आणि उरलेली लाखो तिकिटे नष्ट करून टाकली.

झाले! जे तिकीट कालपर्यंत कोणी घेत नव्हते, ते आता कुठल्याच पोस्टात मिळेना. पुढे मंदी सरली. लोकांच्या हातात पैसा आला. अमेरिकेची सगळी तिकिटे आपल्या वहीत असावीत, अशी ज्याला हौस, त्याला ही तीन हवीतच. वहीत तीन जागा रिकाम्या दिसत. भाव चढत गेला. ज्यांनी 1930 साली पोटाला चिमटा घेऊन संच घेतला होता, त्यांच्या हाती चांगला पैसा आला.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1970 नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेत महागाई फार वाढली. रोकड ठेवली तर तिची किंमत घटते, म्हणून लोक सोने घेऊ लागले, जमिनी घेऊ लागले. काहींनी तिकिटे घेतली. त्यांना तिकिटांची हौस नव्हती. आज घ्यायचे, उद्या चढ्या भावाने विकायचे, एवढाच हेतू. झेपेलिनची तिकिटे त्यांना सोयीची वाटली. नाव मोठे, ओळखायला सोपी, आणि बाजारात हवी तेव्हा मिळणारी. भाव फुगत गेला. भाव वाढतो म्हणून लोक घेत, आणि लोक घेत म्हणून भाव वाढे. 1980 च्या सुमारास हा फुगा फुटला. सगळेच विकायला निघाले, घेणारा कोणी दिसेना. भाव धाडकन खाली आले. ज्यांनी अगदी वरच्या भावाने घेतले होते, त्यांचे पैसे बुडाले. तिकिटे होती तेवढीच होती. एकही जास्त छापले नव्हते. तरी भाव पडला. म्हणजे नुसता दुर्मिळपणाही पुरत नाही. ज्याला तो माल मनापासून हवा आहे, असा माणूस समोर लागतो. गुरांच्या बाजारात नाही का? बैल कितीही देखणा असो, गिऱ्हाईक नसेल तर संध्याकाळी दावे धरून घरीच आणावा लागतो.

अमेरिकेतच आणखी एक गंमत झाली. रोबीची आणि झेपेलिनची गोष्ट ऐकून हजारो लोकांनी 1930 नंतर नव्या तिकिटांचे तावच्या ताव घेऊन पेट्यांत घालून ठेवले. म्हातारपणी कामाला येतील, नातवंडांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील, अशी आशा. पण सगळ्यांनीच ठेवल्यावर दुर्मिळ राहिले काय? ते ताव आज छापील किमतीपेक्षाही कमी पैशांत विकले जातात. नातवंडे ती तिकिटे चक्क पत्रांना लावून संपवतात.

अलीकडे भावावर आणखी एका गोष्टीचा परिणाम झाला आहे. पूर्वी एका गावच्या व्यापाऱ्याजवळ काय आहे, ते दुसऱ्या गावी कळत नसे. आता मोबाइलवर जगभरचा माल एका जागी दिसतो. जे तिकीट दुर्मिळ समजले जात होते, ते शोधायला गेले की पन्नास निघतात. अशा मधल्या दर्जाच्या तिकिटांचे भाव उतरले. जी खरोखर थोडी आहेत त्यांना मात्र आता जगभरचे गिऱ्हाईक मिळते. त्यांचे भाव चढले.

आता पुन्हा त्या 49 नंबरकडे येऊ. शंभर तिकिटांतल्या याच तिकिटाला एवढे पैसे का? ते कितीतरी वर्षे तिजोरीत बंद होते. त्याला उजेड लागला नाही. रंग जसाच्या तसा. पाठीमागचा गोंद जसाच्या तसा. पुष्कळ लोक तिकीट वहीत लावताना मागे कागदाची बारीक पट्टी चिकटवतात. तीही याला कधी लागली नव्हती. 2018 साली हेच तिकीट 15 लाख 93 हजार डॉलरना गेले होते. पाच वर्षांत चार लाख डॉलर वाढले. पण त्याच तावातले डाग पडलेले, गोंद गेलेले, कडेचे दाते मोडलेले तिकीट याच्या लहानशा हिश्श्यालाच जाते. गोंद दिसतो का? तिकीट वहीत लावले की पाठ कोण बघतो? पण घेणारा पाठ उलटून बघतो. आपण नाही का बैलाचे दात बघत!

आपल्या हवेत हे फार अवघड जाते. पावसाळ्यात ओल धरते. गोंद सुटतो, तिकिटे एकमेकांना चिकटतात, कागदावर तांबूस ठिपके पडतात. कोकणात तर विचारू नका.

आता तुमच्या घरची गोष्ट. पुष्कळ घरांत जुनी ट्रंक असते. तिच्यात पत्रे असतात. कोणाचे आजोबा पलटणीत होते, कोणाचे चुलते बोटीवर होते, कोणी आफ्रिकेत, कोणी आखातात गेले. त्यांची पत्रे विमानाने आली. कधी रद्दीवाला येतो. तो किलोवर तोलून नेतो. कधी शहरातला माणूस येतो. तो म्हणतो, "आजी, ही जुनी तिकिटं काढून द्या, नातवाला खाऊला पैसे देतो." आजी भांड्यात पाणी घेते, तिकिटे भिजवते, सोडवते आणि देते. पाकिटे चुलीत जातात.

इथे तो शिक्का आठवा. अलाहाबादेहून 1911 साली विमानाने गेलेले पत्र आज किंमतवान आहे. पण त्याच्यावरचे तिकीट अगदी साधे. किंमत कशाची? सबंध पाकिटाची. त्यावरचा विमानाचा शिक्का, तारीख, पत्ता, हे सगळे मिळून ते त्या दिवसाचे साक्षीदार आहे. तिकीट सोडवले, की साक्षीदार मेला. हातात उरले साधे तिकीट. तसेच दुसरे उदाहरण 1932 चे. त्या साली 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा स्वतः विमान चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले. त्या फेरीची पाकिटे संग्राहक आजही शोधतात. त्यातही तिकिटापेक्षा शिक्का आणि तारीख मोलाची. म्हणून जुने पाकीट असेल तर पाण्यात घालू नका, कापू नका, तिकिटाभोवतीचे फाडू नका. आहे तसे कोरड्या जागी ठेवा. बहुतेक पत्रांना बाजारात काही भाव येत नाही, हेही खरे. पण ते ठरवायला पाकीट सबंध असावे लागते. आणि आजोबांच्या हातचे अक्षर घरातच राहिले, तर त्यात बिघडले काय?

विकायचेच झाले, तर एकाच माणसाच्या शब्दावर विकू नये. दोघातिघांना दाखवावे. मोठ्या शहरांत तिकिटे जमवणाऱ्यांची मंडळे असतात. मोठ्या पोस्टात संग्राहकांसाठी वेगळी खिडकी असते. तिथे विचारले तर अशा मंडळाचा पत्ता लागू शकतो. तिकिटांच्या भावांची छापील पुस्तकेही निघतात. मात्र पुस्तकातला भाव म्हणजे तुमच्या हातात पडणारा पैसा नव्हे. तो दुकानदाराचा विकण्याचा भाव, आणि तोही उत्तम मालाचा. तुमच्याकडून तो निम्म्याने किंवा त्याहूनही कमी भावाने घेईल. दुकान, दिवा, नोकर हे सारे त्यालाही निभवायचे असते. पुस्तकात शंभर लिहिले आणि हातात तीस पडले, तर लगेच त्याला चोर म्हणू नका.

उलट बाजूनेही सावध असावे. कोणी येऊन म्हणेल, "हे तिकीट लाखाचं आहे, तुम्हाला पाच हजारात देतो." लाखाचा माल पाच हजारात कोण देतो? खोटे शिक्के मारतात, खोटी छपाई करतात, फाटलेली कड जोडून देतात. मोठ्या किमतीच्या तिकिटाला जाणकारांचे प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय शहाणा संग्राहक हात लावत नाही.

कधीकधी दुर्मिळपणा मुद्दाम घडवतात. 2013 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने उलट्या विमानाचे तेच चित्र पुन्हा छापले. यावेळी किंमत दोन डॉलर. सहा तिकिटांचा एक ताव, असे सुमारे 22 लाख ताव काढले. त्यांतल्या शंभर तावांवर विमान जाणूनबुजून सरळ छापले, आणि सगळे ताव बंद पाकिटांत घालून विकले. कोणाला काय मिळेल ते फोडल्याशिवाय कळायचे नाही. ज्याला सरळ विमान मिळाले, त्याने ते हजारो डॉलरना विकले. 1918 साली उलटे महाग, 2013 साली सरळ महाग! मला विचाराल तर ही सोडतच झाली. पहिली चूक कोणी ठरवून केली नव्हती. म्हणूनच तिच्या पाठीमागे माणसे शंभर वर्षे धावत आहेत.

त्या जुन्या शंभरांतले एक तिकीट तर अजून सापडलेले नाही. एथेल मॅकॉय नावाच्या बाईंनी 1936 साली एकमेकांना जोडलेली चार तिकिटे 16 हजार डॉलरना घेतली. 1955 साली त्यांनी ती एका प्रदर्शनात मांडली, आणि तिथून ती चोरीला गेली. चोराने चारही सुटी केली. पाठीवरचे आकडे खोडायचा प्रयत्न झाला. पण तावातल्या प्रत्येक तिकिटाची ठेवण थोडी निराळी असते. कुठे चित्र डावीकडे सरकलेले, कुठे कड तिरपी. त्यावरून ओळख पटते. चोरीचे म्हणून ओळखलेले तिकीट उघड्या बाजारात विकता येत नाही. एक तिकीट 1977 साली परत मिळाले. दुसरे काही वर्षांनी मिळाले. तिसरे 2016 साली मिळाले. एका तरुणाला ते आजोबांच्या सामानात मिळाले होते. ते चोरीचे आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. लिलावाला नेले तेव्हा कळले. मॅकॉयबाई तेव्हा हयात नव्हत्या. त्यांनी आपला हक्क तिकिटांच्या एका ग्रंथालयाला दिला होता. तिकीट त्या ग्रंथालयाकडे गेले. चौथ्याचा शोध अजून चालू आहे.